मुलचेऱ्याची गाडी अन् तीन ऋतू

लाल गाडीवर कंडक्टर म्हणून राहिलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. रस्ता बंद झाला की गाडी बंद, अन् गाडी बंद झाली की प्यासेंजरची तोंडं चालू! ऐकता ऐकता एवढं साचतं, की सांगायला बसलं तर चहा थंड होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली नवाच जिल्हा झाला होता. गडचिरोली-चामोर्शी-मुलचेरा ही आमची गाडी. मी कंडक्टर अन् रामटेकेभाऊ ड्रायव्हर. उंचपुरे, भरदार आवाजाचे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

* * *

मे महिन्यात आमच्याकडं खिडक्या लावून प्रवास करतात, इतक्या बाहेर झळा! भाऊंनी घरून पाण्याचा माठ आणला, ओल्या पोत्यात गुंडाळला अन् आपल्या सीटमागं दोरीनं बांधला. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं.

एकदा चामोर्शीच्या अलीकडं चेकिंगचे साहेब चढले. माठाकडं बोट दाखवून म्हणाले, "याचं लगेज तिकीट कुठं आहे?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं! भाऊंनी मान न वळवता सांगितलं, "साहेब, थो प्यासेंजर नाई, स्टाफ हाय!"

साहेब हसले. दोन गिलास पाणी प्यायले अन् म्हणाले, "स्टाफवर लोड जास्त आहे. आणखी एक माठ भरती करा!"

* * *

बाहेरच्या माणसाला वाटतं, इकडं बारा महिने ऊनच. कोकणातल्या एक शिक्षिकाबाई डिसेंबरात नव्या नोकरीवर हजर व्हायला निघाल्या. अंगावर नुसती सुती साडी. जंगलात धुकं इतकं दाटलं, की भाऊंनी गाडी उभी केली. प्यासेंजरांनी काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली. बाई कुडकुडत होत्या. डोळ्यांत पाणी.

"इथं एवढी थंडी असते, हे मला कोणी सांगितलंच नाही!"

भाऊंनी अंगातलं स्वेटर काढून त्यांना दिलं. "बाई, आमच्या जिल्ह्यात सारं भेटते. फक्त बदली भेटत नाई!"

बाई रडता रडता हसल्या. पुढं त्यांना बदली मिळाली, पण त्यांनी ती घेतली नाही. स्वेटरही परत केलं नाही!

* * *

जुलैत स्टँडवर एक पाहुणा विचारत आला, "मुलचेऱ्याची गाडी टायमावर सुटते ना?"

"एकदम टायमावर," भाऊ म्हणाले.

"अन् पोचते कधी?"

"ते नाल्याले विचारा!"

* * *

त्याच पावसाळ्यात मुलचेऱ्याकडून परत येत होतो. जवळच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली एक बाई सासूसोबत चढली. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या. गडचिरोलीचा दवाखाना गाठायचा होता. अन् मधल्या नाल्यावर पुलावरून पाणी!

"बाबा, पार करो, बाबा!" सासू हात जोडून भाऊंच्या पाया पडू लागली. एक ठेकेदार मोठ्यानं ओरडला, "टाका ना गाडी! काऊन भेता?"

भाऊ उतरले. पाण्यात थोडं पुढं गेले अन् मागं आले. "पाय उचलून राह्यलं पाणी. मले गाडीतले सारे माणसं दिसून राह्यले. नाई टाकत." इंजिन बंद करून त्यांनी चावी खिशात घातली.

चामोर्शीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या शेवंताबाई गाडीत होत्या. गावातली बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्या उठल्या. "गडीमाणसं सारे खाली उतरा!"

आम्ही धो धो पावसात उभे राहिलो. एका खिडकीला काच नव्हती. मघाचा तो ठेकेदार पुढं झाला, आपला रेनकोट काढून त्यानं खिडकीवर धरला अन् तसाच भिजत उभा राहिला. भाऊ गाडीकडं पाठ करून नाल्याकडं पाहत होते.

मग आतून रडणं ऐकू आलं. शेवंताबाईंनी दारातून डोकं काढलं, "पोरगी हाय! दोघी बऱ्या हायेत!"

भरपावसात टाळ्या! भाऊ मटकन चिखलात बसले.

संध्याकाळी पाणी उतरलं. दवाखान्यापर्यंत भाऊंनी गाडी अशी नेली, की पोटातलं पाणी हलू नये.

पुढच्या पावसाळ्यात वस्तीच्या स्टॉपवर तीच बाई उभी दिसली. कडेवर पोरगी. मी दार उघडलं, पण ती चढली नाही. ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेली अन् पोरीला वर उचलून धरलं.

"नाव काय ठेवलं?" भाऊंनी विचारलं.

"बोन्ना."

भाऊंनी मागं पाहिलं. मागच्या सीटवरचा बंगाली दुकानदार म्हणाला, "बोन्ना म्हणजे पूर, भाऊ. आमच्याकडं पुराले बोन्ना म्हणते."

भाऊ त्या पोरीकडं पाहत राहिले. मी घंटी मारली. समोर रस्ता पार मोकळा होता, एक बकरीसुद्धा नव्हती. भाऊंनी हॉर्नवर हात ठेवला अन् वळण येईपर्यंत काढलाच नाही.