पगारेंच्या भाषणाचा शेवट

मोतीराम पगारे आगीला कधी घाबरले नाहीत, पण तीन साहेबांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. अग्निशमन दलात लीडिंग फायरमनचा सब-ऑफिसर व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर आपण हाताळलेल्या एका आगीवर तोंडी बोलून दाखवावं लागतं. मागच्या खेपेला ते मध्येच गप्प झाले आणि बढती हुकली. वय बघता आताची संधी शेवटची होती.

आग त्यांनी निवडली ती पिंपळगावच्या वाटेवरची, द्राक्षांच्या खोक्यांच्या गोदामाची. तेवढी मोठी दुसरी नव्हतीच. त्याच आगीत छत कोसळलं आणि संतोष गेला. संतोष म्हणजे गाडीवर त्यांच्या शेजारी बसणारा, त्यांच्याच कॉलनीतला, त्यांच्या बायकोच्या, साधनाच्या हातच्या बोंबलासाठी हक्काने ताटावर येऊन बसणारा. स्टेशनातल्यांनी सुचवलं, दुसरी एखादी आग घ्या. पगारेंना फरक पडत नव्हता. खरं तर वर्षभर त्यांना कशानेच फरक पडत नव्हता. अंत्यविधीला सगळी कॉलनी रडत होती आणि हे खुर्च्या लावत फिरत होते. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर झाला होता.

रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात सावधान उभे राहायचे आणि पाठ केलेलं म्हणायचे. साधना मेथी निवडत ऐकायची. आगीची वर्दी कशी आली, वारा कुठला होता, पाणी कुठून घेतलं. नाव कुणाचंच नाही. एक जवान पुढे, दोन मागे, अशी दलात सांगायची रीतच. आवाज कुठे अडखळत नव्हता. आणि शेवटी, प्रत्येक आगीनंतर वायरलेसवर म्हणायचं तेच वाक्य: "आग पूर्ण विझली. सर्व जवान सुखरूप परत."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साधनाच्या हातातली काडी हातातच राहिली. चुकून गेलं असेल, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा न राहवून ती म्हणाली, "अहो, शेवट बदला ना."

"शेवट असाच असतो," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

चूक त्यांच्या ध्यानातही आली नव्हती. इतक्या वर्षांची जिभेची सवय. ती त्यांना उघड सांगायचा साधनाला धीर झाला नाही.

परीक्षेला पगारे छान बोलले. साहेब माना डोलवत होते. शेवटचं वाक्य झालं तेव्हा मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सर्व, पगारे?"

पगारेंनी तेच वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. सर्व जवान, इथवर आलं. पुढचा शब्द येईना. गाडी परत आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती, संतोषचं हेल्मेट त्यांच्याच मांडीवर होतं, आणि ते त्यांना आत्ता आठवत होतं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "संतोष आत राहिला."

साहेबांनी पाणी पुढे केलं. पगारेंनी पेला तोंडाला लावला, निम्मं गणवेशावर सांडलं.

घरी साधनाने विचारलं, कसं झालं. बढतीचं ते काही बोललेच नाहीत. बूटही न काढता उंबऱ्यात बसले.

"शेवट बदलला गं," म्हणाले, आणि वर्षभराचं रडू तिथेच फुटलं.