मेंढपाळाच्या जागी

सांगलीतल्या एका कला महाविद्यालयात मी कलेचा इतिहास शिकवते, सुट्टीत भिंतीवरच्या चित्रांची कामंही घेते. युरोपातल्या चर्चमधली पाच-सातशे वर्षांपूर्वीची चित्रं दाखवताना एक गंमत मी हटकून सांगायची. चित्राचा खर्च करणारा व्यापारी त्यातच मेरीच्या पायाशी हात जोडून बसलेला असतो. आधीच्या चित्रांत तो बोटाएवढा, पुढे पुढे थेट मेरीएवढा. "चित्रकारानं नाही म्हणायचं की!" असं मी ठसक्यात म्हणायची. मुलं हसायची.

एका उन्हाळी सुट्टीत म्हसवडजवळच्या गावातून काम आलं. देवळाच्या नव्या सभामंडपात भिंतीवर देव आणि त्याच्यापुढे भक्त रंगवायचे होते. एक म्हातारे मेंढपाळ रोज दुपारी तिथं भिंतीला टेकून बसायचे. त्यांनाच मी देवाच्या पायाशी काढलं. खांद्यावर घोंगडं, हात जोडलेले. दिवसातून चारदा येऊन ते स्वतःला बघायचे आणि लाजायचे.

काम संपत आलं तेव्हा स्वतःच्या पैशानं मंडप बांधून देणारे साहेब आले. बराच वेळ चित्र बघून म्हणाले, "झ्याक झालंय. पण मॅडम, ह्या म्हाताऱ्याच्या जागी आमी बसलो तर? आणखी दोन देवळांची कामं हायती आमच्याकडं. तुमालाच देऊ."

मी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "फोटो पाठवा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी घोंगड्यावर पांढरा सदरा चढला आणि सुरकुत्यांवर गुळगुळीत गाल.

म्हातारे आले आणि भिंतीपुढे थबकले.

"आवं बाई, मी हितं हुतो न्हवं?"

"भिंतीला ओल आली, बाबा. तिथला रंग सुटला," मी ब्रश धुता धुता म्हणाले.

त्यांनी चित्राखालच्या भिंतीवरून तळहात फिरवला. "म्या रोज टेकतो हिला. वल न्हाई कुठं." आवाजात राग नव्हता. मग तेच म्हणाले, "जाऊ द्या. मंडप सायबांचा. तुमी तरी काय करणार?"

मी काय करू शकले असते ते मला पक्कं ठाऊक होतं. मान वर होईना. त्या दिवशी ते तिथं बसले नाहीत, तसेच उन्हात निघून गेले.

उद्घाटनाला आई आजारी असल्याचं सांगून मी गेले नाही. आई ठणठणीत होती. त्या दोन देवळांची कामं मात्र मी केली. दोन्ही भिंतींवर साहेब आहेत.