बाराव्या खंडाची सूची

जुन्या कागदपत्रांचे छापील खंड कोण वाचतं? खरं सांगायचं तर कोणीच नाही. जाडजूड कापडी बांधणी, साडेसहाशे पानं, संचालकांची ऐसपैस प्रस्तावना. घेणारा माणूस खंड हातात तोलतो, "वा, मोठं काम झालंय" म्हणतो आणि उलटा करून शेवटची पानं उघडतो. तिथे सूची असते. आपल्या आडनावापुढे पानांचे दोन-चार आकडे दिसले की स्वारी खूश. नाही दिसले तर म्हणतो, "इतिहासात गडबड आहे."

ही सूची करणाऱ्या बाईंना दफ्तरखान्यात सगळे सूचीबाईच म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेही ते दोन वर्षं चुकीचंच लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांत बाईंनी अकरा खंडांच्या सूची केल्या. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, प्रत्येक गावाचं एक कार्ड, आणि सगळी कार्डं चपलांच्या रिकाम्या खोक्यांत. जुनी माणसं एका नावाने कुठे नांदतात? एका पत्रात हुद्दा, दुसऱ्यात बापाचं नाव, तिसऱ्यात शत्रूने ठेवलेलं नाव. बाई त्या तिघांना बखोटीला धरून एका कार्डावर आणून बसवत. आळीतल्या भानगडी जुळवायला जी नजर लागते, तीच इथेही लागते. फरक इतकाच, की या भानगडी दोनशे वर्षांच्या शिळ्या.

अकरा खंडांवर संचालकांचं नाव होतं. बाईंचं कुठेच नाही. प्रस्तावनेच्या शेवटी "कर्मचारीवर्गाचे साहाय्य झाले" असं एक वाक्य असे. त्यात बाई, शिपाई आणि पाण्याचा माठ भरणारा, सगळे एकत्र.

घरी धाकटी नणंद होती, तिची जीभ अशा कामासाठीच घडवलेली. नवा खंड आला की ती तो चाळायची आणि विचारायची, "वहिनी, तुझं नाव कुठल्या पानावर गं? किमतीच्या वर की खाली?"

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याची काच न काढता म्हणायचा, "तिला छळू नकोस. तिचं नाव पुढच्या खंडात येणार आहे." हे तो अकरा वेळा म्हणाला होता.

दफ्तरखान्याबाहेर बाईंच्या कामाची कदर असलेला माणूस एकच. एक निवृत्त मास्तर. तो खंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वर्तमानपत्र वाचावं तसा वाचून काढायचा आणि पोस्टकार्ड पाठवायचा: "पृष्ठ ३१२ चा आकडा ३२१ असा पडला आहे. कळावे." कौतुकाचा शब्द नाही. तरी बाईंनी ती पोस्टकार्डं वेगळ्या खोक्यात जपली होती. आपण केलेलं कोणीतरी वाचतंय, याची तेवढीच पावती.

बाराव्या खंडाच्या वेळी बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. संचालक एक दिवस आपणहून म्हणाले, "बाई, या वेळी आतल्या पहिल्या पानावर तुमचं नाव टाकू. 'सूची', आणि पुढे तुमचं नाव. शब्द माझा." बाई त्या दिवशी घरी दोनदा साखर घातलेला चहा प्यायल्या.

आणि त्याच खंडात ते पत्र निघालं. किल्ल्याला वेढा पडलेला. पाणदरवाज्याचा अंमलदार वेढा घालणाऱ्यांना कळवतो, की परवा पहाटे दरवाजा उघडा राहील, त्याबदली दोन गावं आणि एक शाल मिळावी. खाली नाव नाही, नुसता हुद्दा. दुसऱ्या कोणी 'अंमलदार, पाणदरवाजा' असं कार्ड करून हात झटकले असते. बाईंना आठवलं, की आठव्या खंडात नेमणुकांची यादी आहे. काढून पाहिली. त्याच वर्षी त्या दरवाज्यावर नेमलेला माणूस म्हणजे प्रकाशन मंडळाच्या अध्यक्षांचा पूर्वज! चौकात ज्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोच. त्याने म्हणे अकरा दिवस दरवाजा लढवला होता. पुतळ्यात घोडा तेवढा बरा जमलाय.

इथे बाईंनी जन्माची चूक केली. गप्प बसून कार्ड खोक्यात टाकायचं सोडून त्या ते हातात घेऊन धावत संचालकांकडे गेल्या. "साहेब, बघा! कसा सापडला!" सव्वीस वर्षांतली सगळ्यात देखणी जुळणी होती ती. दाखवणार तरी कोणाला?

संचालकांनी कार्ड पाहिलं, उठून दार लोटलं. दोन दिवसांनी बाईंना बोलावणं आलं.

"अध्यक्षांशी बोललो. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, पत्र राहू द्या, पत्र कोण वाचतंय? फक्त सूचीत नाव नको."

"साहेब, सूची म्हणजे..."

"बाई, पहिल्या पानावर नाव हवंय ना?" संचालक अगदी मायेने म्हणाले. "मंडळाची मंजुरी लागते त्याला."

घरी नवऱ्याने घड्याळाचा काटा चिमट्यात धरून निकाल दिला, "काढून टाक. तो माणूस मेलाय. तू जिवंत आहेस."

बाईंनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी 'अंमलदार, पाणदरवाजा' आणि पूर्वजाचं नाव, दोन्ही कार्डं काढून पर्समध्ये घातली.

खंड छापून आला. आतल्या पहिल्या पानावर बाईंचं नाव होतं, बारीक टायपात, पण होतं. नणंदेने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि खंड न चाळताच परत दिला. बाईंनी खंड काचेच्या कपाटात उभा ठेवला, पान उघडं ठेवून.

पाच महिन्यांनी मास्तरचा लेख वर्तमानपत्रात आला. त्याने पत्र वाचलं होतं. हुद्दा कोणाचा, हे शोधायला तो आठव्या खंडाच्या सूचीत गेला, आणि बाईंनीच केलेल्या त्या सूचीने त्याला बोट धरून थेट त्या माणसाच्या दारात नेऊन उभं केलं. लेखाच्या शेवटी त्याने लिहिलं होतं: "आठव्या खंडाची सूची इतकी चोख आहे, की बाराव्या खंडातली ही गाळणूक नजरचुकीने झाली असे म्हणवत नाही."

बाईंच्या कामाची छापून आलेली स्तुती ती एवढीच.

नणंद मथळ्यात बाईंचं नाव असलेलं ते वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आली. "वहिनी, आलं बाई तुझं नाव! आणि या वेळी मोठ्या टायपात!"

अध्यक्षांनी निवेदन काढलं, की आपल्याला सत्याची चाड आहे आणि हा प्रकार ऐकून धक्का बसला. संचालकांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली नाही. "सूची तुमची. नाव तुमचं छापलंय. आम्ही काय बोलणार?"

"साहेब, तुम्हीच तर..."

"लेखी आहे काही?"

लेखी काय असणार! जन्मभर दुसऱ्यांचं लेखी जपलेल्या बाईला स्वतःपुरती एक चिठ्ठी लिहून घ्यायचं सुचलं नव्हतं.

उरलेल्या चारशे प्रतींवर पट्टी चिकटवायचं ठरलं. बाईंचं नाव झाकून वर 'सूची : कर्मचारीवर्ग'. पूर्वजाचं नाव मात्र सूचीत आलं नाही. ते 'पुढील आवृत्तीत विचारार्थ' राहिलं. चिकटवायचं काम शिपायाकडे होतं, पण तो पट्ट्या तिरक्या लावू लागला, ते बाईंना बघवेना. त्यांनी त्याच्या हातातून डिंक घेतला आणि चारशेच्या चारशे पट्ट्या स्वतः लावल्या, एकही रेषेबाहेर नाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं.

"खंड बारावा, वाचनालयातील प्रत. पहिल्या पानावर पट्टी आहे. पान उजेडासमोर धरल्यास खालचे नाव वाचता येते. कळावे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पर्समधली दोन कार्डं काढली, त्यांच्यावर हे तिसरं ठेवलं, रबर लावलं आणि शिपायाला म्हणाल्या, "ही खोकी आता माझी नाहीत. चपला ठेवायला लागतील कोणाला तर ने."