वरच्या चाचांची कुनाई

जपानी निंजांच्या शस्त्रांबद्दल सगळं काही ठाऊक असलेला, आणि तरीही घरात झुरळ दिसलं तर ते आपण होऊन जाईपर्यंत दारात ताटकळत उभा राहणारा माणूस अख्ख्या आखातात एकच होता, आणि तो माझ्या डोक्यावर राहत होता. म्हणजे कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, शुऐबाच्या एका कारखान्यात पाइप फिटर, बायकामुलं गावी. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची. निंजाने कसं, मांजराच्या पावलांनी यावं आणि कुणाला कळायच्या आत निघून जावं. चाचांचं वजन नव्वदच्या घरात, चपला करकरणाऱ्या, आणि अत्तर इतकं सढळ की ते स्वतः जिना उतरायच्या आधी त्यांचा वास आमच्या हॉलमध्ये येऊन बसलेला असे.

त्यांच्या खोलीत एक भिंत या हत्यारांची होती. सगळी त्यांनी स्वतः बनवलेली, एक सोडून बाकी लाकडाची नाहीतर जुन्या टायरच्या रबराची, कारण धारेचं हत्यार घरात ठेवलं तर परदेशात माणूस नोकरीला मुकतो हे त्यांना कळत होतं. चांदणीच्या आकाराच्या फेकायच्या चकत्या, साखळी लावलेला विळा, दोरीला बांधलेला आकडा. एकदा कारखान्याच्या फाटकावर त्यांच्या डब्याच्या पिशवीत लाकडी चांदणी निघाली. राखणदाराने विचारलं, हे काय? चाचांनी शांतपणे थर्मासमधून चहा ओतला आणि पेला त्या चांदणीवर ठेवला. राखणदाराला इतकं पटलं की त्याने स्वतःच्या टेबलासाठी दोन मागून घेतल्या. आणखी एकदा कारखान्यात एक जपानी इंजिनियर आला होता. चाचांनी त्याला गाठून निंजांबद्दल विचारलं, तर त्या बापड्याला काहीच माहीत नव्हतं. मग चाचांनीच त्याला जेवणाच्या सुट्टीत बसवून त्याच्या देशाची तासभर माहिती दिली.

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते चहाबरोबर प्रत्येकाला पाजायचे. "भाऊ, निंजा म्हंजे कोन? आपल्यासारकाच गरीब मानूस. त्याच्याकडं तलवार कुठली? विळा व्हता, खुरपं व्हतं, तेच त्यानं उचललं. हत्यार नाय ते, अवजार." या सिद्धांतापायी त्यांनी माझ्या बायकोलाही कामाला लावलं. तिचं माहेर भंडाऱ्याचं, तळ्यांच्या मुलखातलं. निंजा पाठलाग करणाऱ्यांच्या वाटेत वाळलेले शिंगाडे पसरायचे, हे कळल्यावर चाचा आमच्या दारात उभे. "वयनी, म्हायेरी जाताय तर शिंगाडं आना. सोललेलं नको, काट्यांसकट." माझी बायको आयुष्यभर शिंगाडा उपासाला खात आलेली. तो युद्धात वापरतात हे ऐकून तिला जरा वाईटच वाटलं, पण तिने आणले. चाचांनी ते चाचणीसाठी स्वतःच्या दाराबाहेर पसरले, नमाजाला गेले, आणि परत येताना विसरले. अनवाणी नव्हते, तरी पातळ चपलेतून काटा थेट टाचेत. आम्ही धावत वर गेलो, तर एका पायावर उभे राहून म्हणतात, "लागलं खरं, वयनी, पन माल चोख हाय!"

अशा माणसाला आम्ही किती हसलो असू. आणि त्याच माणसाचं देणं आम्हाला या जन्मी फेडता यायचं नाही.

जुलैतला शुक्रवार होता. कुवेतच्या उन्हाळ्यात नळाचं गार पाणीच कढत येतं, कारण टाक्या गच्चीवर तापत असतात. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती न्हाणीघरात शिरली, तिने आतून कडी लावली, बादली भरायला नळ सोडला, आणि तिला ना नळ बंद करता आला ना कडी काढता आली. आतून किंकाळ्या, दाराच्या फटीतून वाफ. मी खांद्याने दार तोडायला गेलो, तर दार जागच्या जागी आणि माझा खांदा मात्र निखळायच्या बेतात. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मशिदीत गेलेला, वरच्या टाकीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. बायको दाराला कपाळ टेकून नुसती हाका मारत होती.

तेवढ्यात ते अत्तर आलं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते, पांढराशुभ्र कुर्ता, डोक्यावर टोपी. ओरडा ऐकून ते आल्या पावली वर गेले आणि भिंतीवरची सगळी हत्यारं पिशवीत कोंबून खाली आले. आधी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकडा फेकला, न्हाणीघराची खिडकी गाठायला. आकड्याला शेजाऱ्यांची विजार लागली. दुसऱ्यांदा तीच विजार. मग त्यांनी ते सगळं टाकून दिलं आणि दारापाशी जमिनीवर फतकल मारली.

"पोरी, निंजा गरम पान्यात पाय ठेवीत नाय. कमोडचं झाकन लाव, त्याच्यावर चढ. चढलीस?"

"यस," आतून हुंदका आला.

"आता निंजा रडतो, पन आवाज करीत नाय. तोंडावर बोट ठेव. मी तुला सोडवायला येतोय, तू मोज."

आत शांत झालं. मग त्यांनी पिशवीतून कुनाई काढली. त्यांच्या संग्रहात लोखंडाची अशी ती एकच, गवंड्याची थापी आणि खुरपं यांच्या मधलं काहीतरी. ती चौकटीत खुपसून ते कडीभोवतीचा गिलावा खरवडू लागले. पांढऱ्या कुर्त्यावर चुना उडत होता. आतून बारीक आवाजात इंग्रजी आकडे येत होते. सत्तेचाळीसला कडीची खिट्टी भिंतीतून सुटली.

बादली मोरीच्या तोंडावरच होती, त्यामुळे घोट्याएवढं कढत पाणी साचलं होतं. ती झाकणावर उभी, तोंडावर बोट. चाचा सरळ पाण्यात शिरले आणि तिला उचलून आणलं. तिच्या अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांची पावलं लालभडक झाली होती, त्यांवर पुढे मोठाले फोड आले.

बायकोने त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तेव्हा खाली रस्त्यावरून मशिदीतून परतणाऱ्यांचे आवाज येत होते. आमच्या ओळखीत त्यांचा एकही जुम्मा चुकला नव्हता. मी चाचरत म्हणालो, "चाचा, तुमची नमाज..."

"जुम्मा नाय तर घरी दुपारची जोहरची नमाज पढंन," ते म्हणाले. "अल्ला बघत व्हता, भाऊ."

गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. लाकडी हत्यारं त्यांनी इमारतीतल्या मुलांना वाटली आणि कुनाई आमच्या न्हाणीघराबाहेर स्वतः खिळा ठोकून टांगली. परवा फोनवर सांगत होते, माडांची आळी करतोय, पण गावच्या खुरप्याला ती पकड नाही. मी म्हटलं, "चाचा, कुनाई पाठवून देतो, कुणीतरी गावी जातंच आहे."

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले. "दाराशीच ऱ्हाऊ दे ती. पोरगी अजून ल्हान हाय."

पोरगी आता आईपेक्षा दोन बोटं उंच झाली आहे. पण मी हो म्हणालो.