साखळीचं दुसरं टोक

गांगुर्डेसाहेब शेतात मोजणीला गेले की साखळी आमच्या माणसांच्या हाती देत नसत. ज्यांच्यात बांधावरून भांडण, त्यांनाच समोरासमोर बोलवायचे आणि एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या हातात द्यायचे. तीन-तीन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं मग "जरा ताण की", "अरे, ढेकूळ आलंय आडवं" असं बोलू लागायची. साहेब म्हणायचे, "जमीन त्यांची आहे, त्यांनाच ओढू द्या. आपण फक्त मोजायचं." आम्हा नव्या पोरांना हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

साहेब मूळचे इगतपुरीकडचे. फौजेतून निवृत्त होऊन मोजणी खात्यात आले होते. डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेली होती, पण कुठली लढाई, कसं झालं, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "आठ उरलीत ना? काम अडतंय का कुठं?" पहिल्या एसटीने गावात हजर. भाकरी घरची, पाणीसुद्धा घरचं. वादी-प्रतिवादी कोणाच्याही चहाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. नामपूरहून नाशकात आलेल्या मला त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं, आणि चुकलो की कागद परत समोर सरकवायचे, एवढंच.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात साहेब तापाने फणफणले आणि सायखेड्याच्या पुढच्या एका गावची मोजणी मी एकट्याने केली. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंची माणसं मी लिंबाखाली बसवली आणि दोन मजुरांना साखळी ओढायला लावली. तेहतीस फुटांची एक साखळी झाली की जमिनीत एक सळई खोवायची, शेवटी सळया मोजायच्या. मी एक सळई कमी मोजली. सगळं बरोबर आहे असं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं आणि त्यांनी माझ्या शब्दावर नकाशावर सही केली.

पंधरा दिवसांनी ताराबाई नावाची विधवा कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली. मोजणीच्या दिवशी ती माहेरी होती, तिच्या बाजूने भाऊबंद हजर होते. भांडली नाही, रडली नाही. साहेब बाहेर आल्यावर म्हणाली, "साहेब, माझी इहिर काय चालत गेली का? काल माझ्यात व्हती, आज शेजाऱ्यात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात होतो. साखळीचं एक टोक ताराबाईंनी धरलं, दुसरं शेजाऱ्याने. नेमका एका साखळीचा फरक निघाला आणि विहीर परत ताराबाईंच्या हद्दीत आली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि नामपूरला माझ्या एकट्याच्या आधारावर पाच माणसं होती. साहेबांनी जमलेल्या गावासमोर टोपी काढली. "चूक माझी आहे. नकाशावर सही माझी आहे," म्हणाले. मी खाली मान घालून साखळी गुंडाळत राहिलो.

परतीच्या एसटीत त्यांनी मला निम्मी भाकरी दिली. "तुमची नोकरी कच्ची आहे, आहेर. माझी आता पिकत आली," एवढंच बोलले. खात्याने चौकशी लावली. त्याच वर्षी मिळणारी बढती गेली ती गेलीच, साहेब त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. खरं काय ते वरिष्ठांना लिहून द्यावं असं मला फार वाटायचं. आधी नोकरी कायम होऊ दे म्हणत थांबलो, मग लग्न आलं, मग मुलं झाली. साहेबांना दरवर्षी दिवाळीला भेटायचो आणि त्या गावाचा विषय टाळायचो. तेही टाळायचे, माझ्यासाठी.

शहाऐंशीत साहेब गेले. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात शोकसभा होती. बोलणाऱ्यांत ताराबाई उठल्या. आता पार वाकल्या होत्या. म्हणाल्या, "साहेबाच्या हातनं माझी इहिर गेली व्हती, पन त्यांनीच ती परत देली. चूक कबूल करनारा मानूस लय थोर."

पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी आणि मुलगा बसले होते. ते शांतपणे मान हलवत होते. त्यांनाही हेच माहीत होतं. बारा वर्षं ती चूक साहेबांच्या घरातसुद्धा साहेबांचीच होती. मला बसवेना. उठून सगळ्यांसमोर सांगितलं की सळई मी चुकवली होती, साहेब त्या दिवशी गावात नव्हतेच.

साहेबांच्या पत्नींनी पदर डोळ्यांना लावला. ताराबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंग तवाच का नाय बोलले, दादा?"

"भीती वाटली, आजी."

"साहेबाला नसंल का वाटली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.