वजा चिन्ह आणि आठ चंद्र

माझ्या पुस्तकातला चंद्र चुकलाय, हे मला सांगितलं ते तेलाच्या पाइपांची चित्रं काढण्यात हयात घालवलेल्या माणसानं. हा माणूस म्हणजे माझे सासरे. तरुणपणी जळगावकडून बडोद्याला आले, रिफायनरीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. शाळेतल्या मुलांसाठी आकाश बघण्यावर मराठीत एक छोटं पुस्तक मी लिहीत होते. मजकूर प्रकाशकांनी पसंत केला होता. आकृत्या मात्र माझ्या मीच द्यायच्या होत्या, आणि कितीही मोठ्या केल्या तरी त्यांच्या रेषा फुटता कामा नयेत अशी त्यांची अट होती.

मग सुरू झाली सॉफ्टवेअरची निवड. लहरीपुऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेल्यावर पहिलीच आवडलेली असते, तरी आपण दुकानदाराला चाळीस उलगडायला लावतो, तसं माझं झालं. एकात आकाश हुबेहूब दिसायचं, पण त्याचा नुसता फोटो मिळायचा आणि तो मोठा केला की फाटायचा. दुसऱ्यात माउसनं चित्र काढायचं. गोल ओढा, रंग भरा, झालं. तिसऱ्यात माउसचं काहीच काम नाही. गोलाचा मध्य कुठे, त्रिज्या किती, रेषा कुठून कुठे, हे सगळं ओळीओळीनं लिहायचं आणि मग चित्र उमटायचं. एक गोल काढायला चार ओळी लिहा, हे काही माझ्या स्वभावाला झेपणारं नव्हतं. मी माउसवालं घेतलं आणि तासाभरात चंद्रकलांची आकृती काढून मोकळी झाले.

चंद्रकोर मी अशी काढली होती: एक गोल, त्यावर थोडा सरकवून दुसरा गोल, आणि दुसऱ्यानं पहिला कापायचा. त्यासाठी एक बटणच होतं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, चहा घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "बेटा, ही कोर बराबर नाही. कोणीतरी बिस्किटाचा चावा घेतलाय."

मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, काय चुकलंय?

"चंद्र चेंडूसारखा गोल आहे ने? त्याच्या अर्ध्या भागावर उजेड. मग उजेड संपतो ती कड म्हणजे चेंडूभोवतीचं वर्तुळ. ते आपल्याला तिरकं दिसणार. पाइपाचं तोंड तिरकं पाहिलं की काय दिसतं? लंबवर्तुळ. तू गोलानं कापलंस. असं ना चाले."

हे मी वर्गात शिकवते. दर वर्षी फळ्यावर चेंडू आणि दिवा काढून समजावते. आणि बटण हाताशी आलं तेव्हा माझी अक्कल चरायला गेली. दुर्बिणीला कधी डोळाही न लावलेल्या या माणसाला मात्र ते चहा पिता पिता दिसलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटायची राहूनच गेली.

"मग तुम्हीच काढा," मी म्हणाले आणि खुर्ची सोडली. हे बोलायला नको होतं. तीन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापत होता. औषधानं थोडा थांबे, पण रेषा ओढण्याइतका नाही. ज्या माणसाच्या रेषेवर वेल्डर डोळे मिटून विश्वास ठेवत, त्यानं पेन्सिल कपाटात ठेवून दिली होती. तरी ते बसले. माउस धरला. लंबवर्तुळाचा बिंदू पकडायला गेले की तो सुटे, पुन्हा पकडला की भलतीकडे जाई. पाच-सहा वेळा झालं. मग माउस हळूच बाजूला ठेवून म्हणाले, "तू कर. मी सांगतो." आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

नवरा माझ्यावर चिडला. "त्यांना कशाला बसवतेस? दमतात ते." हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना हल्ली असंच जपायचे. लिफ्टचं दार धरायचे, पिशवी हातातून काढून घ्यायचे. चांगुलपणाच तो. पण त्या चांगुलपणात माणूस रोज थोडा थोडा निकामी ठरत होता, आणि त्या दिवशी मीही त्याला हातभार लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी ते नाकारलेलं तिसरं सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. एका गोलाच्या चार ओळी लिहिल्या आणि बाबांना नुसतं वाचायला दिलं. त्यांनी चष्मा चढवला.

"म्हणजे आकडा लिहायचा, आणि रेष हा ओढणार?"

"हो."

"आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं, चित्रावर पट्टी लावून मोजू नका, लिहिलेलं माप तेच खरं. रेष जरा इकडे तिकडे झाली तरी माप हलत नाही." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "खसक जरा."

हात कापायचाच. पन्नास लिहायला गेले की पाचशे उमटायचे आणि चंद्र कागदाबाहेर जायचा. मग एकदा दाबलेली कळ लगेच पुन्हा दाबली गेली तर कॉम्प्युटरनं तिकडे दुर्लक्ष करावं, अशी सोय आम्ही शोधून काढली. कोन मी दिले. प्रत्येक लंबवर्तुळाची रुंदी त्यांनी स्वतः गुणून काढली, एका बोटानं टाइप केली. माझं एका तासाचं काम त्यांनी नऊ दिवस केलं. पण अष्टमीला ते लंबवर्तुळ बारीक होत होत सरळ रेष झालं, तेव्हा आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघतच राहिलो. इतकी देखणी आकृती माझ्या हातून जन्मात झाली नसती.

रविवारी दुपारी त्यांनी निजामपुऱ्यातल्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणायला लावली. उजव्या कोपऱ्यात, कोणी न सांगता, त्यांनी ऑफिसातल्या ड्रॉइंगवर असायची तशी एक चौकट काढली होती. काढणारा, तपासणारा, सुधारणा. काढणारा याच्यापुढे त्यांची आद्याक्षरं होती. तपासणारा याच्यापुढची जागा माझ्यासाठी कोरी ठेवली होती. मी कौतुकानं सही करायला पेन उचललं.

"आधी तपास," ते म्हणाले.

तपासलं. आठ चंद्रांपैकी सातवा चुकला होता. कृष्ण पक्षातली अष्टमी, आणि डावीकडे हवा तो उजेड उजव्या बाजूला. आधीची ओळ उतरवताना बाजू बदलणारं वजा चिन्ह राहिलं होतं. मागे उभ्या नवऱ्यालाही ते दिसलं, कारण त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं: राहू दे, नंतर गुपचूप दुरुस्त कर. दोन सेकंदांचं काम होतं. तसं केलं असतं तर पुस्तकाचं काही बिघडलं नसतं. पण ती सही मग पेशंटची समजूत घालण्यासाठी केलेली ठरली असती. मी लाल पेन घेतलं आणि सातव्या चंद्राभोवती गोल करून कागद त्यांच्यापुढे ठेवला.

ते कागदावर वाकले. "वजा राहिला," म्हणाले, आणि उठून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. सुधारणा याच्यापुढे त्यांनी एका बोटानं एकचा आकडा लिहिला.

"बाबा, जेवायला पानं वाढलीत," नवरा म्हणाला. "उद्या करा आता."

"तुम्ही बसा," ते मान वर न करता म्हणाले. "माझं ड्रॉइंग तपासून परत आलंय. मला काम आहे."