धक्क्यावरचा कुत्रा

संग्रहालयात पहाऱ्यावर असलेल्या मावशींनी सव्वीस वर्षं एकाच चित्रासमोर स्टुलावर बसून काढली होती. चित्रात तीनशे वर्षांपूर्वीचं त्यांचंच शहर होतं: पाण्यालगतची घरं, शिडाची गलबतं आणि धक्क्याच्या टोकाला एक काळा ठिपका. चित्राला बोट लावणाऱ्याची धडगत नसे, पण नुसतं बघणाऱ्याला मावशी कौतुकानं सांगायच्या, "तो कुत्रा बरं का! मालकाच्या होडीची वाट बघतोय."

मग एकदा जुनी चित्रं साफ करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी ओल्या कापसाचा बोळा फिरवला आणि कुत्रा पुसला गेला. "मावशी, ही तर दिव्याची काजळी होती!"

मावशींचा चेहरा पडला. "म्हणजे सव्वीस वर्षं मी काजळीचे लाड केले होय!" म्हणत मग त्या स्वतःच खो-खो हसल्या.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. त्यांनी लहानपणी मावशींकडूनच ती गोष्ट ऐकली होती. चित्राजवळ वाकून ते गोंधळले. "मावशी, कुत्रा कुठे गेला?"

मावशी स्टुलावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"होडी आली ना काल! गेला मालकाबरोबर घरी."